छपरावर न गेलेला दात

मिंकाला आयुष्यात सगळ्यात जास्त काय हवंय असं कुणी विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, बसायला हवंय. नुसतं बसायला. मांडीत सोलायच्या मिरच्या नकोत, चुलीवरच्या भांड्याकडे कान नको, बकरी ओरडली की उठायला नको. पण असं विचारणारं गावात फारसं कुणी उरलं नव्हतं. लोम शहराच्या अलीकडचं, डॅन्यूबपासून थोडं आत असलेलं ते गाव. तिथे आता माणसांपेक्षा अक्रोडाची झाडं जास्त होती, आणि जी माणसं होती ती बहुतेक मिंकासारखीच, गुडघ्यावर हात रोवून उठणारी.

उभा जन्म तिने उभं राहूनच काढला. लग्नाआधीच ती टोमॅटोचे डबे भरण्याच्या कारखान्यात लागली. ओली फरशी, रबरी बूट आणि समोरून सरकत जाणारा पट्टा. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायका फाटकाशी रडत उभ्या राहिल्या. मिंका घरी आली आणि झोपली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठली. तिला वाटलं, संपलं एकदाचं. मग नवरा अंथरुणाला खिळला आणि त्याचं हगणंमुतणं काढण्यात काही वर्षं गेली. तो गेला तेव्हा तिला पुन्हा वाटलं, संपलं. मग मुलगी वेनेता नवऱ्याशी पटेना म्हणून तान्ही बिसेरा कडेवर घेऊन माहेरी आली, आणि तेव्हापासून मिंकाने संपण्याबद्दल विचार करणंच सोडून दिलं. तिच्या तोंडात तोवर स्वतःचा एकही दात उरला नव्हता. कवळी झोपताना पेल्यात आणि दिवसा तोंडात, असा तिचा कारभार होता.

वेनेता इटलीला निघाली ती मार्च महिन्यात. बिसेरा तेव्हा पाच वर्षांची होती. आमच्याकडच्या निम्म्या बायका इटलीत म्हाताऱ्यांना भरवायला गेल्या आहेत. इथल्या म्हाताऱ्यांना कोण भरवणार, हे कुणी कुणाला विचारायचं नसतं. चौकात बस उभी होती, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता, आणि बिसेराने आईच्या कोटाला अशी मिठी मारली होती की बटण तुटायला आलं. वेनेताने आपल्या मनगटावरचा लाल-पांढरा दोरा सोडला. मार्च लागला की आम्ही सगळेच तो बांधतो, सुखरूप राहावं म्हणून. तो तिने पोरीच्या मनगटाला बांधला. तरी मिठी सुटेना.

"कधी येणार ते सांग," बिसेरा म्हणत होती. "आधी सांग."

वेनेता बसकडे बघत म्हणाली, "तुझे सगळे दुधाचे दात छपरावर गेले ना, की मी आलेच. शेवटचा टाकलास की समज, आई निघाली."

पोरीने कोट सोडला.

आमच्याकडे पडलेला दात घराच्या छपरावर टाकतात आणि कावळ्याला सांगतात, कावळ्या कावळ्या, हा घे हाडाचा दात, मला दे लोखंडाचा दात. कावळा व्यवहाराला चोख असतो असं लहानपणी प्रत्येकाला वाटतं. वेनेताला त्या घाईत हेच सुचलं, आणि तिने वेळ मारून नेली. निरोप घेताना माणसं जे बोलतात त्यावर सरकारने कर लावला असता तर जग मुकं झालं असतं. तिच्या मनात वर्ष-दोन वर्षांचा हिशेब असणार. पुढचे चार दात पडले की आईबापांना सगळे पडल्यासारखंच वाटतं, मागच्या दाढांची कुणाला आठवण राहत नाही. मिंकाला होती. वेनेताची स्वतःची शेवटची दुधाची दाढ ती बारा वर्षांची असताना बीन्सच्या सुपात पडली होती. हे मिंकाला तिथेच, बससमोर उभं असताना आठवलं. पण ती बोलली नाही. एक तर पोरीने कोट सोडला होता. आणि दुसरं म्हणजे, कुणीतरी काहीतरी मुदत ठरवली याचं तिलाही बरं वाटलं होतं. त्या दिवसापासून त्या एका शब्दावर दोघीजणी जगू लागल्या. गुडघा चिरायला लागेल असं डॉक्टरने सांगितलं तेव्हा मिंका म्हणाली, "मुलगी आली की करू. मी पडून राहिले तर पोरीला कोण बघणार?"

पहिला दात पडला तो सफरचंदात. बिसेरा तो तळहातावर घेऊन अंगणात आली आणि उलटसुलट करून बघत म्हणाली, "आजी, याला मूळच नाहीये. खोटा आहे का?"

"दुधाच्या दाताला मूळ नसतंच," मिंकाने ठोकून दिलं. तिच्या आईने तिला हेच सांगितलं होतं.

छपराकडे पाठ करून टाकायचा की तोंड करून, यावर शेजारच्या लोझानने कुंपणावरून वाद घातला. लोझान विधुर, मिंकाच्याच वयाचा. जिभेला हाड नसलेला, पण शिडीवर चढायला अजून तयार असलेला असा गावात तो एकटाच. बिसेराने शेवटी दोन्हीकडे तोंड करून कावळ्याला सांगितलं, म्हणजे चूक नको. दात कौलांवर टकटक करत गेला आणि दिसेनासा झाला.

"एक गेला," ती म्हणाली. "आता बाकीचे."

त्यानंतरचे पटापट पडले. शाळेची बस मोठ्या गावाला जायची, तिथून ती दात रुमालात बांधून आणायची, शाळेत पडला म्हणून तिथेच टाकायचा नाही. छप्पर आपल्याच घराचं लागतं, नाहीतर आई दुसऱ्यांच्या घरी जाईल, असं तिचं म्हणणं. पानगळीत लोझान पन्हळ साफ करायला चढला तेव्हा द्राक्षाच्या कुजक्या पानांत त्याला तीन दात सापडले. बिसेरा शाळेत होती.

"मिंके, तुझ्याकडचे कावळेपण इटलीला गेले वाटतं," तो वरून म्हणाला. "माल तसाच पडून आहे."

"हळू बोल. ते तिकडे धुराड्यामागे ठेव, सरकवून. पोरीला दिसायला नकोत."

"आणि लोखंडाचे कुठून आणायचे? गॅरेजमध्ये थोडे खिळे आहेत."

"तुझ्या जिभेत एक ठोक त्यातला."

त्याने दात धुराड्यामागे ठेवले. खाली आल्यावर हात पुसत तो थोडा गंभीर झाला. "मी कुणाला सांगणार नाही हो," तो म्हणाला. "पण तू त्या पोरीला काय सांगणार आहेस?"

"ज्याचा शब्द त्याने पाळायचा," मिंका म्हणाली. "मी काय सांगू?"

वेनेता पहिल्या दोन उन्हाळ्यांत आली. पंधरा दिवस राहायची. कॉफी, कपडे, वाटेत मऊ झालेलं चॉकलेट आणायची, आणि पहिले चार दिवस नुसती झोपायची. बिसेरा तिच्या पायाशी बसून ती जागी व्हायची वाट बघायची. हे येणं म्हणजे ते येणं नव्हे, हे पोरीला पक्कं माहीत होतं, त्यामुळे आई परत जाताना ती आता रडायचीही नाही, फक्त तोंड उघडून दाखवायची. "हे बघ, एवढे गेले." वेनेता हसायची आणि दुसरीकडे बघायची.

मग दात पडायचे थांबले. पुढचे आठही पडून तिथे करवतीसारख्या कडांचे मोठे दात आले आणि मग काहीच हलेना. एक वर्ष गेलं, दुसरंही सरत आलं. सगळ्याच मुलांचं या वयात असं थांबतं, पण हे तिला कोण सांगणार? तिला वाटलं, आपण कावळ्याला काहीतरी चुकीचं बोललो. ती रोज जिभेने एकेक दात ढकलून बघायची. मिंकाला विचारायची, "आजी, थांबले का?" आणि मिंका मिरच्या भाजता भाजता म्हणायची, "दमले असतील."

त्याच दिवसांत वेनेताचं उन्हाळ्यात येणं थांबलं. ती जिला सांभाळायची ती म्हातारी सिन्योरा आजारी होती, तिला सोडून येता येत नव्हतं. पुढच्या वर्षी सिन्योरा वारली आणि दुसरी मिळाली, तेव्हा नवीन ठिकाणी सुटी कशी मागायची? त्याच्याही पुढच्या वर्षी फोनवर मागे एका पुरुषाचा खोकला ऐकू आला. मिंकाने विचारलं नाही, वेनेताने सांगितलं नाही. पुढे केव्हातरी "रेंझो म्हणतो" असं वाक्यात येऊ लागलं आणि तेवढ्यावरच सगळं कळल्यासारखं झालं. बिसेराला तिकडे न्यायचं वेनेता दर वर्षी बोलायची, आणि ते दर वर्षी पुढच्या वर्षी असायचं.

मिंका रागावली नव्हती. रागाला ताकद लागते. ती सकाळी बकरीची धार काढायची, कोंबड्यांना घालायची, लाकडं फोडायची, पोरीला बसपर्यंत पोचवायची, आणि परत येताना चौकातल्या बाकावर गुडघा चोळत बसायची. अजून मागच्या दाढा आहेत, मनात म्हणायची. दाढा पडल्या की बघू. कधीकधी तिला पोरीइतकीच घाई वाटायची आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. पोर वाढावी म्हणून कुणी वाट बघतं, ही तिचे दात पडावेत म्हणून बघत होती.

दहाव्या वर्षी दात पुन्हा पडू लागले. या वेळी बिसेरा कावळ्याला काही सांगत नसे. छपराकडे बघायची, दात भिरकवायची आणि अभ्यासाला बसायची. बारा वर्षं पूर्ण झाली तेव्हा तिच्या तोंडात दुधाचा एकच दात उरला होता. खाली, डाव्या बाजूला, मागची दाढ. उजव्या बाजूची तिची जोडीदार कधीच धुराड्याकडे गेली होती आणि तिथे नवा दात येऊन बसला होता. डावी मात्र ढिम्म हलेना.

वर्ष गेलं. बिसेरा तेरा वर्षांची झाली, मिंकापेक्षा उंच झाली, आणि तरी ती दाढ जागच्या जागी. पोरीने काय काय केलं! त्या बाजूने अक्रोड फोडले. मक्याची भाजलेली कणसं खाल्ली. "नको गं, नको गं," असं सांगून सांगून मिंकाच्या दातांच्या कण्या व्हायच्या बाकी होत्या, म्हणजे दात असते तर झाल्या असत्या. सप्टेंबरात एका संध्याकाळी मिंका लाकडं घेऊन आत आली तर बिसेरा दाराच्या मुठीशी उभी, तोंडातून दोरा लोंबतोय, हनुवटीवर रक्त. दोरा मळकट होता, पण त्यातला लाल रंग अजून ओळखू येत होता. चौकात बससमोर बांधलेला तोच.

मिंकाने लाकडं तिथेच टाकली. पोरीच्या हातातून दोरा घेतला, मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला लावल्या. दाढ तिथेच होती. हिरडी मात्र सकाळपर्यंत सुजून गाल वर आला.

"चल लोमला," मिंका म्हणाली. "काढूनच टाकू या एकदाची."

असं म्हणताना तिच्या मनात काय होतं, ते तिने नंतर लोझानलाही सांगितलं नाही. तिला वाटलं होतं, संपू दे हे. दाढ छपरावर जाऊ दे. मग मी फोन उचलेन आणि म्हणेन, वेनेता, टाकला. आता बोल.

दातांच्या डॉक्टरीणबाईंचं नाव कांबुरोव्हा. केस पांढरे, डोळ्यांखाली काळं, आणि बाहेर बाकावर माणसांची रांग. त्यांनी दोऱ्याची जखम बघितली, मिंकाकडे बघितलं. जबड्याचा फोटो काढला आणि पडद्यावर लावला.

"इकडे या, आजी. आधी उजवीकडचं बघा. हा नवा दात. हा काही परवा उगवलेला नाही, ही तीन वर्षांची असताना हाडात त्याची सुरुवात झाली होती. मग तो हळूहळू वर सरकला, आणि सरकताना त्याने वरच्या दुधाच्या दाढेची मुळं विरघळवली. मुळं गेली की दाढ अलगद पडते."

"दुधाच्या दाताला मूळ असतं?" बिसेराने विचारलं.

"चांगली लांब असतात. पडलेल्या दाताला दिसत नाहीत, कारण खालच्याने तोवर ती संपवलेली असतात. दुधाचा दात त्याच्यासाठी जागा धरून बसतो. तो आला की याचं काम झालं."

मिंका पडद्याकडे बघत होती. त्या करड्या चित्रात नातीच्या सगळ्या दातांच्या रांगा उघड्या पडल्या होत्या.

"आणि ही डावी?" ती म्हणाली.

"हिची मुळं बघा, जशीच्या तशी. खालपर्यंत." डॉक्टरीणबाईंनी पेनचं टोक हाडाच्या रिकाम्या जागेवर ठेवलं. "इथे खाली दातच नाही. अंकुरच धरला नाही. काही मुलांना जन्मतः एखादा कमी असतो. कुणाची चूक नाही यात."

"मग ही पडणार कधी?"

"खालून येणारं कुणी नसेल तर पडेल कशाला? नीट जपली तर चाळिशीपर्यंत राहील, एखादीची त्याहूनही पुढे."

खोलीत नळ ठिबकत होता. बिसेरा खुर्चीत तशीच आडवी होती, हात पोटावर.

"काढून टाका," ती म्हणाली.

"काढली तर तिथे खड्डा राहील. शेजारचे दात त्यात कलंडतील. पुढे खोटा दात बसवावा लागेल."

"चालेल."

"तू लहान आहेस. आजी, तुम्ही सांगा."

मिंकाला हो म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. एक दाढ ती काय, आपल्या तर सगळ्याच गेल्या, जेवतोच आहोत की. पण तिला पडद्यावरची ती लांब मुळं दिसत होती. इतकी वर्षं कुणी मदतीला न येता एवढ्याशा दाढेने ती जागा धरून ठेवली होती, आणि आता पक्कड लावून तिला उपटायचं, कारण मोठ्या माणसांना एक शब्द निस्तरता येत नाही.

"नको," ती म्हणाली. "राहू दे तिला."

बिसेराने डोळे मिटले.

"मग जपायची," डॉक्टरीणबाई औषध लिहिता लिहिता म्हणाल्या. "स्वच्छ ठेवायची. त्या बाजूने कडक काही चावायचं नाही. दाढ दुधाची आहे, काम मोठ्या माणसाचं करणार आहे, तेव्हा तिच्यावर भार कमी. आणि दोरे बांधणं बंद."

दोघी परतीच्या बसमध्ये बसल्या. सूर्यफुलं कापून झालेली शेतं मागे जात होती. मिंकाच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. मुदत गेली. पुढे ढकलली गेली नव्हती, मुदतच उरली नव्हती. वेनेताच्या शब्दाप्रमाणे आता वाट बघायची तर बिसेराच्या केसांत पांढरं दिसेपर्यंत. तोवर मिंका कुठे असणार? तिला त्या क्षणी इतका थकवा आला की गाव आल्यावर उठायचंच नाही, बस जाईल तिकडे जाऊ द्यायची, असं वाटलं. उठली अर्थात. बकरीची धार काढायची होती.

संध्याकाळी तिने वेनेताला फोन लावला. बिसेरा दूध घेऊन लोझानकडे गेलीय असं तिला वाटत होतं. मिंकाला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती फोन कायम मोठ्या आवाजावर टेबलावर ठेवून त्याच्याशी बोलायची. तिच्या घरातलं सगळं आळीला माहीत असायचं ते त्यामुळेच.

"काय झालं आई? काढली का दाढ?" वेनेताचा आवाज घाईत होता, काळजीतही. "सूज किती आहे?"

"उतरेल सूज. नाही काढली. ती पडायचीच नाही म्हणे."

"म्हणजे?"

"तिच्या खाली दुसरी नाहीये. जन्मतःच नाही. चाळिशीपर्यंत ती तशीच राहणार."

 पलीकडे एक मोठा श्वास सुटल्याचं ऐकू आलं. ओझं घेऊन जिना चढायला निघालेल्या माणसाला कुणी म्हणावं, आज नको, राहू दे, तसा तो श्वास होता.

"मग बरं झालं," वेनेता म्हणाली. आणि लगेच, "म्हणजे, दात वाचला ते बरं झालं, असं म्हणतेय मी."

"हो. कळलं मला."

"आई, तसं नाही गं. इथलं सगळं असं आहे की मी आत्ता..."

"कळलं म्हटलं ना. जेवलीस का?"

मिंकाला राग आला नाही, आणि याचंच तिला वाईट वाटलं. तो श्वास तिच्या ओळखीचा होता. नवरा गेला त्या पहाटे तिने स्वतः तसाच सोडला होता, आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून दाराकडे बघितलं होतं. वेनेताही थकली होती. दुसऱ्यांच्या आयांना चमच्याने भरवून भरवून तीही थकली होती, आणि कुठेतरी तिला बसायला जागा मिळाली होती. फोन ठेवून मिंकाने दाराकडे बघितलं.

दारात बिसेरा उभी होती. हातात दुधाची बरणी तशीच भरलेली.

"ऐकलं मी," ती म्हणाली.

मिंकाने खुर्ची पुढे सरकवली. पोर बसली नाही.

"तुला वाटतं मी अजून लहान आहे," बिसेरा म्हणाली. "मला दोन वर्षांपासून माहीत आहे आई येणार नाही ते."

"मग ही दाढ का खेचत होतीस मेली? जबडा फाडून घेतलास."

"कारण ती पडली असती आणि आई आली नसती, म्हणजे झालं असतं. मग वाट बघायला नको. आता ही अशीच राहणार. आणि तूपण कायम म्हणत राहणार, दाढ पडू दे, मग बघू. गुडघ्याचं मग बघू, गळक्या खोलीचं मग बघू, सगळंच मग बघू."

इतकं बोलून तिने बरणी टेबलावर ठेवली. सांडली थोडी. मिंका उठली, फडकं घेतलं, दूध पुसलं, फडकं पिळलं, आणि मग खुर्चीत बसली. वेनेता निघाली त्या दिवशी मिंका जे बोलली नव्हती ते तिने आता सांगून टाकलं.

"ती येणार नाही. मीच तुला आधी सांगायला हवं होतं, पण मलाच ती यायला हवी होती. तुझ्यापेक्षा मलाच जास्त. मी थकले गं. ती आली की मी पडून राहणार होते, गुडघा चिरून घेऊन, कुणीतरी आणून दिलेलं सूप पीत. हे सोंग मी तुझ्यासाठी केलं असं म्हणत होते. माझ्यासाठीच होतं ते."

बिसेरा ऐकत होती. गालावरच्या सुजेमुळे तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, आणि त्यामुळे ती रुसलेल्या लहान मुलीसारखी दिसत होती.

"त्या बाई म्हणाल्या ना," मिंका पुढे म्हणाली, "खालून येणारं कुणी नसेल तर दात पडेल कशाला. ऐकल्यावर मला वाटलं, या माझ्याबद्दलच बोलतायत. माझ्यामागून यायचं ते कुणी आलं नाही. मग मी कुठली पडतेय? तुझी ती दुधाची दाढ म्हणजे मीच समज. कामाला जुंपलेली, सुटका नाही."

हे ती हसत म्हणाली होती, पण हसू नीट जमलं नाही.  बिसेराने बरणी उचलली आणि ती लोझानकडे गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा चूल विझत आली होती. दोघी जेवल्या, बिसेराने उजव्या बाजूने हळूहळू चावलं, मिंकाने कवळीने. मग झोपल्या.

सकाळी थंडी होती. मिंका नेहमीसारखी उठली, कवळी बसवली, गुडघ्यावर हात रोवून अंगणात आली. ओंडक्यावर लाकूड ठेवलं आणि कुऱ्हाड घ्यायला वळली, तर कुऱ्हाड जागेवर नव्हती. बिसेराच्या हातात होती. कुंपणापलीकडे लोझान टोपी घालून गाडीची काच पुसत होता. ती त्याची खटारा गाडी, जी तो चर्चच्या सणाखेरीज बाहेर काढत नसे.

"कुठे निघाला हा सकाळी सकाळी?" मिंका म्हणाली.

"आपल्याला न्यायला," बिसेरा म्हणाली. "गुडघ्याच्या डॉक्टरकडे. मी काल विचारलंय त्याला. तू पडून राहशील तोवर बकरीची धार तो काढणार आहे. मला येते काढायला, पण शाळेच्या दिवशी तो."

"वेडी आहेस का? आण इकडे ती कुऱ्हाड. लाकडं फोडायचीयत."

मिंकाने हात पुढे केला. पोरीने कुऱ्हाड पाठीमागे धरली, आणि दुसऱ्या हाताने आजीचा तो पुढे आलेला हात हळूच खाली केला.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?" ती म्हणाली. "कडक काही चावायचं नाही."